कच्च्या रंगाचे टॉवेल

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कॉम्प्युटरचा प्रसार कुणी केला असं मला कुणी विचारलं, तर मी सरकारकडे बोट दाखवणार नाही, कॉलेजांकडे दाखवणार नाही, आणि ज्या आम्ही पाच-सहा जणांनी त्यापायी चष्म्याचे नंबर वाढवून घेतले त्यांच्याकडेही दाखवणार नाही. मी माझ्या बायकोच्या रहिमतपूरच्या मामांकडे बोट दाखवीन. मामांनी स्वतः जन्मात की-बोर्डाला हात लावला नाही. एकदा मी फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, खुर्चीपासून चांगली दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "जावईबापू, डायव्हरच्या शीटवर कंडक्टरनं बसायचं नसतंय." तो विषय तिथेच संपला.

मामा तीस-बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर खाकी उतरली, पण आतला कंडक्टर काही उतरला नाही. पंगतीत ते भिंतीला पाठ लावून, सगळी पानं नजरेत येतील अशीच जागा धरत. कुणाच्याही घरी गेले की आधी माणसं मोजत, आणि आकडा मनाशी जुळला की मगच बूड टेकत. रिक्षात मागे बसलेले असले तरी वळणावर डोकं बाहेर काढून "येऊ द्या, येऊ द्या" केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. जुन्या बाजारातून त्यांनी तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा विकत घेतला होता आणि तो कायम सदऱ्याच्या खिशात असे. ज्या लग्नाला ते जाऊन आले त्याच्या पत्रिकेच्या कोपऱ्याला भोक पडे. आमच्या लग्नाची पत्रिका बायकोने हौसेने जपून ठेवली आहे, तिलाही ते आहे. त्याच चिमट्याने ते जवळ सापडेल त्या वस्तूवर टोले देत. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझे एक चुलते मानपानावर पाऊण तास बोलत होते. मामांनी तांब्यावर एकच टोला दिला आणि चुलते वाक्याच्या मधोमध थांबले. ते का थांबले हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

मामांची बरीचशी नोकरी सातारा-म्हसवड गाडीवर झाली होती. त्या रस्त्यावर कोण कुठे चढतो, कुणाची लेक कुठे दिली, कुणाचं लग्न जुळतंय आणि कुणाचं मोडतंय, हे त्यांना तोंडपाठ. माणूस चढताना ते तिकीट देत आणि तो उतरेपर्यंत त्याचं नातं काढत. पुढे आम्हाला तारलं ते या विद्येने.

ही गोष्ट पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. मी सांगलीत एका कॉलेजात गणित शिकवत होतो आणि संध्याकाळी आमचं एक मंडळ भरत असे. मंडळ म्हटल्यावर लोक वर्गणीच्या भीतीने दार लावून घेत, पण आमचं मंडळ कॉम्प्युटरचं होतं. पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली होती. खाली जोंधळा दळला जाई आणि वर आम्ही मराठी लिहिण्याचा एक प्रोग्राम तयार करत असू. की-बोर्डावर पिठाचा थर इतका बसे की कुणी किती काम केलं ते बोटांच्या ठशांवरून कळत असे. प्रोग्राम विकायचा नाही, कुणीही घ्यावा, त्याची कॉपी करावी, दुसऱ्याला द्यावी, असा आमचा नेम. पडद्यावर आम्हाला सगळ्यांत शेवटी जे अक्षर वठलं ते 'ळ', म्हणून मंडळाची खूणही 'ळ' ठरली. प्रोग्राम लिहिणारा खरा हात एकाचाच, सुहासचा. तो मितभाषी मुलगा डिप्लोमा करून बसला होता. बाकीचे आम्ही त्याच्या पाठीमागे उभे राहून सल्ले देत होतो.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. मशीन आमचं नव्हतं. एका डॉक्टर मित्राने ते वापरायला दिलं होतं आणि जूनमध्ये त्याचा मुलगा इंजिनिअरिंगला जाणार म्हणून ते परत हवं होतं. सुहासला पुण्याहून नोकरीचं पत्र आलेलं होतं. तो वडिलांना सांगून बसला होता की मशीन झालं तर इथेच राहीन, नाही तर जूनमध्ये पुणं. तो गेला की प्रोग्राम गेला, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं.

कुठल्याशा परदेशी मासिकात आम्ही वाचलं की अशी हौशी मंडळं टी-शर्ट विकून पैसे उभे करतात. आम्ही लगेच 'ळ' छापलेले पन्नास टी-शर्ट करून आणले आणि सांगलीतल्या एका प्रदर्शनात टेबल मांडलं. दोन दिवसांत एकही गेला नाही. एक बाई बराच वेळ कापड चाचपून पाहत होत्या, त्यांनी शेवटी विचारलं, "ह्यात फरशी पुसायचं मिळंल का?" तिसऱ्या दिवशी मामा कवळी बसवायला सांगलीला आले होते, ते तिथे टपकले. एक टी-शर्ट त्यांनी दोन बोटांत धरून उलटा-सुलटा केला.

"कॉलर न्हाई, खिसा न्हाई. चष्मा कुटं ठेवायचा?" मामा म्हणाले. "आणि ह्ये इकून करायचं काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मशीन, जून, सुहास, फुकट वाटायचा प्रोग्राम. शिकलेल्या माणसांना मी हे अनेकदा समजावून दिलं होतं आणि दर वेळी "फुकट द्यायचंय तर करता कशाला?" हा प्रश्न ऐकला होता. मामांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "म्हंजी एकानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि मूळ कुणी दिलं ह्येचा कुणाला पत्त्या न्हाई. आवं, ह्यो तर आहेराचा टॉवेल झाला."

आहेराचा टॉवेल ही आमच्याकडची काय चीज आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. लग्नात पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात. पाहुणा टोपी डोक्यावर चढवतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, नमस्कार करतो, घरी जातो आणि टॉवेल ट्रंकेत ठेवतो. पुढच्या लग्नात तोच टॉवेल तो दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. असे टॉवेल वर्षानुवर्षं गावोगाव फिरत असतात. मूळ घडी मोडलेली नसते, दुकानाचा कागदी शिक्का तसाच चिकटलेला असतो. तो अंग पुसायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मामांनी टेबलावर चिमट्याचे दोन टोले दिले आणि त्या दिवसापासून मंडळाचा कारभार त्यांच्या हातात गेला. आधी टी-शर्ट त्यांनी आठवड्यात खपवले. आष्ट्याच्या एका कबड्डी संघाला ते सगळे दिले, "समद्यांच्या छातीवर एकच अक्षर, लांबनं बी वळखू येतंय" एवढंच सांगून. मग लग्नघरांना विकायला सोलापूरहून टॉवेल आले आणि त्यावर 'ळ' छापायची वेळ आली. गणेशमंडळांचे कापडी फलक रंगवणारा एक कारागीर सांगलीत होता. त्याने विचारलं, रंग पक्का की कच्चा. आम्ही एकमुखाने पक्का म्हणालो. मामा आमच्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "पक्का कशाला? आहेराचा टॉवेल कुणी भिजवलाय का कवा? उगं मशीनच्या पैशाचा रंग करायचा." कच्चा निळा ठरला. गणित शिकवणाऱ्या माणसालाही त्यात खोट काढता आली नाही.

प्रत्येक टॉवेलाच्या मधल्या घडीत मामा एक फ्लॉपी सरकवत. तिच्यावर आमच्या प्रोग्रामची त्या वेळी जी काही अर्धीमुर्धी प्रत तयार होती ती असे. सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आमच्या खोलीचा पत्ता आणि खाली मामांच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ: 'वापरा. नाहीतर पुढे द्या.' कोपऱ्याला चिमट्याचं भोक. भोक नसलेली चिठ्ठी ते घडीत घालू देत नसत. मी म्हटलं, "मामा, ज्यांच्या घरात अजून टीव्ही नाही ते या फ्लॉपीचं काय करणार?" मामा म्हणाले, "बिगरतिकिटाचा माणूस बी स्टँडवर येतोच की. गाडी आली की बघंल."

मग मामा सुटले. ज्यांच्या घरी चैत्र-वैशाखात लग्न होतं त्यांच्या ओसरीवर ते हजर. "पाव्हणं, टॉवेल समदीच देत्यात. कॉम्प्युटरचा आहेर तुमच्याच दारात पयला." एवढ्यावर काम होई. एका गावात फ्लॉपी देव्हाऱ्यात गेली, एका गावात ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून बसली, आणि एका नवरदेवाने ती सासऱ्याने दिलेली कसली तरी भारी वस्तू समजून लग्नाच्या फोटोत हातात धरली. कोरेगावकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, "ह्यो कॉम्प्युटर आमच्यात कवाचा आलाय, पर त्येला चालू करायचं बटन सापडंना." मी मामांवर थोडा चिडलोही. आम्ही इतक्या मेहनतीने केलेली गोष्ट पातेल्यावर झाकण म्हणून बसावी हे मला सोसत नव्हतं.

आणि एक दिवस म्हसवडहून पाकीट आलं. तिथल्या शाळेतल्या एका बाईंनी पाठवलं होतं. कागदावर ठिपक्यांच्या प्रिंटरने छापलेलं मराठी होतं, आमच्याच प्रोग्रामवर लिहिलेलं. 'आपला टॉवेल मावसभावाच्या लग्नात मिळाला. टॉवेल पुढे दिला. आतली वस्तू शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिली. सातवीच्या सर्व मुलांची नावे लिहिता आली. मात्र 'कृष्णा' लिहिले असता ष्ण फुटतो. वर्गात तीन कृष्णा आहेत. कृपया दुरुस्त करावे.' सुहासने ते पत्र चार वेळा वाचलं. मग खुर्ची ओढून बसला आणि दोन दिवस जेवणाखेरीज उठला नाही. इतका आनंदी मी त्याला पूर्वी पाहिला नव्हता. मामांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "टॉवेल फुडं दिला म्हणतीया न्हवं? मग बाई शानी हाय."

मे महिना सरत आला. मशीनला थोडं कमी पडत होतं आणि ते भरून काढणारी एकच मोठी मागणी हातात होती. आष्ट्याचा तो कबड्डी संघ ज्यांच्या जिवावर चालायचा त्या बागायतदारांच्या मुलाचं लग्न होतं, आणि दोनशे टॉवेल हवे होते. आदल्या दिवशी सकाळी मी आणि मामा गठ्ठे घेऊन पोहोचलो. पाच-दहा टॉवेल नमुन्याला म्हणून आधी दिलेले होते. मांडवात पाय ठेवतो तोच न्हाणीघरातून वरबापांचे धाकटे भाऊ बाहेर आले. ते सुभेदार होते, सव्वीस वर्षं मिलिटरीत काढून नुकतेच घरी आलेले. एवढ्या वर्षांत बाहेर राहिल्यामुळे टॉवेल अंग पुसायला असतो अशी त्यांची समजूत झाली होती. कमरेच्या वरचं अंग उघडं होतं आणि छातीच्या मधोमध, शिक्का उमटावा तसा, निळा 'ळ' उमटला होता. एक गालावरही होता.

"कुनी आनला ह्यो टॉवेल?" सुभेदार म्हणाले. आवाज कवायतीचा होता. वरबाप आले, त्यांनी भावाची छाती पाहिली आणि आमच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. "आवं, उद्या दोनशे पाव्हण्यांस्नी ह्ये द्यायचं व्हय? शोभा करता का आमची? घिऊन जावा माघारी."

मला मशीन दिसेना, पुण्याच्या गाडीत बसलेला सुहास दिसायला लागला. आम्ही पक्का रंग म्हणत होतो, असं काहीतरी माझ्या तोंडून निघणार होतं. तेवढ्यात मामांनी मांडवाच्या खांबावर चिमट्याचा एक टोला दिला.

"जातू की," मामा म्हणाले. "पर एक इचारतो. वैनी, तुमच्या घरात आहेराचं टॉवेल किती असतीली?"

वरमाय दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन ट्रंका भरल्यात. का?"

"त्यातला एक तरी कवा भिजलाय?"

वरमाय विचारात पडल्या. मग त्यांनी दिराकडे मान वळवली आणि पदर तोंडाला लावला. "भावजी, आहेराचा टॉवेल कुनी वापरतं व्हय?" मागून बायकांचं हसू फुटलं. एक म्हणाली, "मिलिटरीत शिकीवलं न्हाई जनू." बघता बघता बाजू फिरली. गुन्हेगार टॉवेल नव्हता, सुभेदार होते. पण सुभेदार मांडवाच्या मध्यावर तसेच उघडे उभे होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. सव्वीस वर्षांनी घरी आलेला माणूस पुतण्याच्या लग्नात हसण्यावारी गेला होता, आणि हे मामांच्या माझ्याआधी लक्षात आलं.

मामांनी गठ्ठ्यातला एक कोरा टॉवेल ओढला, रांजणातलं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं आणि सगळ्यांच्या देखत आपलं तोंड खसाखसा पुसलं. टॉवेल खाली झाला तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत मामा निळे झाले होते. ते सुभेदारांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "आता दोघं झालो, सुभेदार. म्या बी पयल्यांदाच भिजीवला. लय बेस पुसतोय की." सुभेदार त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसायला लागले की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या फोटोत मधोमध हे दोघे बसले होते, घासूनही न गेलेल्या फिकट निळ्या रंगासह. दोनशे टॉवेल वाटले गेले. त्यातला एकही कुणी भिजवला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मशीन आलं. मामा टेम्पोच्या मागच्या बाजूला खोकं मांडीवर घेऊन बसले आणि हौद्यावर दोन टोले दिल्याशिवाय त्यांनी ड्रायव्हरला गाडी हलवू दिली नाही. गिरणीच्या मालकाने दळण थांबवून नारळ फोडला. मामांनी वॉरंटी कार्डाच्या कोपऱ्याला भोक पाडलं. सुहास पुण्याला गेला नाही. त्याने त्या मशीनवर पहिला शब्द लिहिला तो 'कृष्णा', आणि ष्ण फुटला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मामा गेले. दुपारचं जेवण झालं, भिंतीला पाठ लावून बसले होते, तसेच गेले. मला त्यांची फार आठवण येई. खोलीत सहा जण असले तरी कुणी मोजत नाही असं वाटायचं. हळूहळू मंडळही विरळ झालं. बाजारात विकतचे प्रोग्राम आले, दोघे जण बंगलोरला गेले, आणि सुहासने सांगलीतच स्वतःचं छोटं दुकान टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात म्हसवडच्या त्या बाईंच्या मुलीचं लग्न होतं. बाईंनी आठवणीने पत्रिका पाठवली होती, घरच्या प्रिंटरवर छापलेली. मी आणि बायको गेलो. जेवणं झाल्यावर बाईंच्या यजमानांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. कुणाकडून तरी त्यांच्याकडे आलेल्या टॉवेलांपैकी तो एक असणार. कुठला ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही बाजूला आल्यावर पाहिलं. वरच्या घडीवर निळा 'ळ' होता, जसाच्या तसा. मी घडी उघडली. आतली फ्लॉपी कुणीतरी काढून घेतली होती. चिठ्ठी मात्र तशीच होती, कोपऱ्याला भोक, आणि ठसठशीत अक्षरात: 'वापरा. नाहीतर पुढे द्या.'

मी मांडवामागे नळावर गेलो. ऊन मी म्हणत होतं, आणि डोळेही चुरचुरायला लागले होते. तोंडावर भरपूर पाणी मारलं. रुमाल बायकोकडे होता. मी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तोंड पुसलं.

बायको शोधत आली ती माझ्याकडे बघून थबकली. मला वाटलं हसेल. ती हसलीही, पण मध्येच थांबली आणि पदराने माझा गाल पुसायला पुढे आली. मी तिला पुसू दिलं नाही. परत येताना गाडीत लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरनेही पाहिलं आणि तिकिटाला भोक पाडून हातात दिलं. भिजलेला टॉवेल आता पुढे कुणाला देता येणार नव्हता. तो माझ्याकडेच राहिला.